डिएगोची एदमी

बाजारातल्या नारळवाल्यांना एदमीची धास्ती होती. ती नारळ उचलायची, कानाशी नेऊन एकदा हलवायची आणि पुन्हा जागेवर ठेवायची. "हा गेल्या ईस्टरचा," असं म्हणायची. कधी काहीच न बोलता नारळवाल्याकडे नुसती बघायची, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट. एक नारळ घ्यायला तिला अर्धा तास पुरत नसे. मुळात नारळ विकत घ्यायचा ही गोष्टच पोर्ट लुईत पन्नासावर वर्षं काढूनही तिच्या गळी उतरली नव्हती.

उतरणार तरी कशी? डिएगो गार्सिया बेटावर ती चौदाव्या वर्षापासून खोबरं काढायच्या कामावर होती. पुरुष नारळ सोलून ढीग घालायचे आणि बायका गोल करून बसायच्या, नारळ फोडून बाकदार सुरीने खोबरं मोकळं करायच्या. दिवसाला बाराशे नारळ. एदमीचे बाराशे दुपारच्या आत व्हायचे. मग ती शेजारणीच्या ढिगात हात घालायची, पण फुकट नाही, टोमणे मारत. "हात उचल जरा, पेरोसची आहेस का?" पेरोस बान्योस ही त्याच समूहातली उत्तरेकडची बेटं. डिएगोवाल्यांच्या मते तिथली माणसं सुस्त, आणि पेरोसवाल्यांच्या मते डिएगोची माणसं नाकाने कांदे सोलणारी. दोघांचंही फारसं चुकत नव्हतं.

ती एकोणीस वर्षांची असताना साहेब लोकांनी सगळ्यांना वखारीपुढे उभं केलं आणि बेट रिकामं करायचं आहे असं सांगितलं. इथे आता लष्कराची विमानं उतरणार होती. लोकांना वाटलं, उतरू देत, आपण एका कडेला राहू. मग एके दिवशी बेटावरची सगळी कुत्री खोबरं वाळवायच्या खोलीत कोंडून धुराने मारली. त्यात एदमीचा तोनेर होता. तेव्हा मात्र लोकांना कळलं की कडेला राहायची सोय नाही. एदमीची आई आधीच गेली होती आणि तिथल्याच वाळूत होती. एक बोचकं आणि एक चटई घेऊन एदमी जहाजावर चढली.

जहाजाने त्यांना आधी पेरोसला नेऊन टाकलं. तिथे क्लेमांस नावाच्या मुलीच्या आईने आपल्या घरात मधोमध पडदा लावला आणि अर्धं घर एदमीला दिलं. दोन वर्षं ती पडद्याअलीकडे राहिली. डिएगो सगळ्यांत मोठं बेट, म्हणून क्लेमांस पलीकडून विचारायची, "काय शहरवाल्या बाई, झोप लागते ना आमच्या रानात?" दोन वर्षांनी पेरोसही रिकामं केलं. दुसरं जहाज आलं आणि सगळ्यांना मॉरिशसला, पोर्ट लुईच्या धक्क्यावर सोडून गेलं. पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या पोरी आता एकाच गल्लीत पत्र्याच्या दोन घरांत राहू लागल्या, आणि म्हाताऱ्या झाल्या तरी तिथेच होत्या.

एदमीने आयुष्यभर लोकांचे कपडे धुतले आणि इस्त्री केले. तेओफिलशी लग्न केलं. तोही डिएगोचा. धक्क्यावर ओझी वाहायचा, कामावरून आला की न बोलता प्यायचा, आणि पन्नाशीच्या आत गेला. एक मुलगा झाला, गास्पार. तो मोठा होऊन इंग्लंडला गेला आणि तिथल्या विमानतळावर लोकांच्या बॅगा चढवू लागला. ज्या विमानांपायी आपलं बेट गेलं त्याच विमानांवर आपला मुलगा पोट भरतो, हे एदमीच्या मनात यायचं, पण ती त्याला तसं कधी बोलली नाही. दर रविवारी त्याचा फोन यायचा. बाकीचे सहा दिवस घर खायला उठायचं.

गास्पार सात वर्षांचा होता तेव्हाची एक गोष्ट एदमी कधी विसरली नाही. नुकसानभरपाई वाटताहेत म्हणून बेटांवरची सगळी माणसं रांगेत उभी राहिली. टेबलावर इंग्रजीत छापलेला कागद होता. कोणालाच वाचता येत नव्हतं. बेटावर मुकादम सांगेल तिथे अंगठा उठवायचा आणि आठवड्याचे तांदूळ घ्यायचे, ही सगळ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. इथेही तसाच अंगठा उठवला. आपण परत जायचा हक्क सोडला असं त्यात लिहिलं होतं, हे पुढे कोणीतरी वाचून सांगितलं. एदमी त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी तिने गास्पारला पाटी घेऊन बसवलं. "मला दोनच गोष्टी लिहायला शिकव. माझं नाव आणि माझं बेट." पोराने तिला महिनाभर गिरवायला लावलं. त्यापलीकडे ती एक अक्षरही शिकली नाही, आणि त्यानंतर तिने कुठल्याही कागदावर अंगठा दिला नाही.

आणि आता, एवढ्या वर्षांनी, रेडिओने सांगितलं की इंग्रज बेटं मॉरिशसला परत देणार. सह्या झाल्या. गल्लीत ढोल शेकून तापवले, सेगा नाचून पायाखालची माती उडवली. क्लेमांस गुडघे दुखतात हे विसरून नाचली आणि दुसऱ्या दिवशी झोपून राहिली. दोन दिवसांनी पेपरात नकाशा आला. क्लेमांसच्या नातवाने बोट ठेवून दाखवलं: हे पेरोस, हे सालोमों, इथे लोकांना राहायला जाता येईल. डिएगोवर लष्कराचा विमानतळ तसाच राहणार, तिथे कोणाला जाता येणार नाही. नव्व्याण्णव वर्षं.

"म्हणजे मी एकशे बहात्तर वर्षांची झाले की," एदमी म्हणाली. "तोवर गुडघे टिकवायला हवेत."

सगळे हसले. तीही हसली. पण घरी जाऊन तिने दार लावून घेतलं, आणि नारळ फोडायला घेतला तो तसाच हातात धरून बसून राहिली. सगळ्या गल्लीची बेटं परत आली होती, तिचं तेवढं आलं नव्हतं. इतकं एकटं तिला तेओफिल गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात बेटवाल्यांच्या संघटनेने पहिल्या जहाजाची यादी करायला घेतली. जहाज पेरोसला जाऊन परत येणार, म्हाताऱ्यांना आधी नेणार. क्लेमांस सकाळी सकाळी दारात हजर. "ऊठ गं शहरवाले. जहाज काठापर्यंत जात नाही. दोराच्या शिडीवरून होडीत उतरावं लागतं. तू तर खुर्चीवरून उतरताना देवाचं नाव घेतेस."

"मी कुठे येतेय?"

"नाही तर कोण येतंय? माझ्या वयाची तिथली कोण उरलीय? पोरांबरोबर जाऊन मी काय त्यांना झाडं दाखवत बसू? आपलं घर कुठे होतं ते तुला न सांगता कळेल. त्यांना सांगूनही कळायचं नाही."

क्लेमांसच्या अंगणात नीरफणसाचं झाड होतं. त्याला शिडी लावून दोघी आठवडाभर सराव करत होत्या. एक चढायची, दुसरी शिडी धरायची. "पाय खाली टाक, खाली! तिथे समुद्र आहे असं समज." "समुद्र असता तर कधीच उडी मारली असती. इथे खाली तुझी कोंबडी आहे." गल्लीतली पोरं बघायला जमायची. एदमीला फार बरं वाटायचं. रात्री अंग ठणकायचं आणि त्याचंही तिला कौतुक वाटायचं. पेरोसच्या काठावर उभं राहिलं तर दक्षिणेला डिएगो दिसणार नाही, तेवढं जवळ ते नाही, हे तिला माहीत होतं. पण पाणी तेच असेल. आपण जावं, असं तिने मनाशी ठरवलं.

रविवारी तिने गास्पारला सांगितलं. तो खूश झाला. "जा, ममां. फक्त एक लक्षात ठेव. तुझं बेट कोणतं असं विचारतील तेव्हा पेरोस सांग. इथे आलेले आपले लोक सगळे तेच सांगताहेत. डिएगो सांगितलं तर यादीत नाव येत नाही."

"पण मी पेरोसची नाही."

"दोन वर्षं राहिलीस ना? मग झालं तर. एक शब्द आहे, ममां. कोण बघतंय?"

त्याने तिकडच्या पावसाचं सांगितलं आणि फोन ठेवला.

यादी शाळेच्या हॉलमध्ये करायची होती. रांग मोठी होती. एदमीपुढे सात-आठ माणसं तिच्याच बेटाची होती, एकजण तर खोबऱ्याच्या कामावर तिच्या शेजारी बसायची. प्रत्येकाने टेबलाशी वाकून "पेरोस" म्हटलं. ते म्हणताना कोणी मागे वळून बघितलं नाही. एदमीला त्यांचा राग आला नाही. म्हातारपणी माणसाला बोटीत जागा हवी असते.

टेबलामागे आनाबेल नावाची मुलगी होती, क्लेमांसच्या भाचीची मुलगी. क्लेमांसचं नाव लिहून झालं आणि ती शेजारी खुर्ची ओढून बसली, एदमीची वाट बघत.

"या तांतीन एदमी," आनाबेल म्हणाली. इथे मावशीला असंच म्हणतात. "तुमचं मी भरूनच ठेवते. बेट, पेरोस."

"थांब. हा कागद जातो कुठे?"

"दोन्ही सरकारांकडे. कुठल्या बेटाची किती माणसं आहेत त्याचा हिशेब."

"आणि डिएगोची किती झाली?"

आनाबेलने कागद चाळले. मग मान खाली घालून म्हणाली, "नाही कोणी."

एदमी टेबलाला धरून उभी राहिली. बेट रिकामं करताना साहेबांनी जगाला सांगितलं होतं की तिथे कोणी राहतच नाही, आहेत ते चार कामकरी. ते खोटं होतं. आता तेच आपल्या पोरी आपल्या हाताने लिहीत होत्या, आणि तेही प्रेमापोटी.

"माझं डिएगो लिही."

"तांतीन, छापलेल्या नावांत ते नाहीच. पेरोस, सालोमों, नाहीतर इतर. इतर लिहिलं तर जहाजात जागा नाही मिळत."

"इतर कशी मी? दे इकडे. मी लिहिते."

क्लेमांस उठली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "एदमी, माझ्या आईने तुला अर्धं घर दिलं. ते तुला आपलं वाटलं नाही होय?"

हे तिला लागलं. आयुष्यभर शहरवाली म्हणून चिडवणाऱ्या बाईने असं कधी विचारलं नव्हतं. "वाटलं," एदमी म्हणाली. "तुझ्या आईने पडदा लावला तेव्हा म्हणाली होती, तुझं घर तुला मिळेपर्यंत हे घे. मी अजून मिळेपर्यंतच आहे, क्लेमांस. त्या घरावर माझं नाव लिहिलं तर माझी आई कुठे पुरलीय ते कोणी विचारणारच नाही."

"आणि मी एकटी जाऊ?"

एदमीने पेन घेतलं. गास्पारने गिरवून घेतलं होतं तसं, एकेक अक्षर थांबत थांबत, चौकटींच्या बाहेर कोऱ्या जागेत तिने आधी आपलं नाव लिहिलं आणि खाली बेटाचं. रांगेतले लोक कंटाळले, कोणीतरी खाकरलं. ती घाईला आली नाही. शेवटचं अक्षर झाल्यावर तिने कागद फिरवून आनाबेलकडे दिला. क्लेमांस तिच्याकडे न बघता दाराकडे निघून गेली होती.

जहाज निघालं त्या दिवशी एदमी धक्क्यावर गेली नाही. आदल्या संध्याकाळी मात्र क्लेमांस आली होती. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

"तिथून काय आणू?"

"नारळ आण. एकच. हलवून बघून आण."

"मला शिकवू नकोस," क्लेमांस म्हणाली, आणि गेली.

एदमी घरी बसून इस्त्री करत होती. रेडिओवर बातमी लागली. कुठल्या बेटाची किती माणसं, तो हिशेब संघटनेने जाहीर केला होता. बाई सावकाश वाचत होती: पेरोस बान्योस, दोनशे एकेचाळीस. सालोमों, अठ्ठ्याहत्तर. मग ती थोडी थांबली, जणू कागदावर बरोबरच लिहिलंय ना हे बघत असावी.

"डिएगो गार्सिया," ती म्हणाली, "एक."

एदमीने इस्त्री उभी केली आणि रिकाम्या घरात, कोणीतरी हजेरी घेतल्यासारखी, "हो" म्हणाली.