पाटीभर मेलेले उंदीर

रहिमतपुरात आमचे दोन टांगे होते आणि घरामागे घोड्यांचा तबेला. लढाईचे दिवस. घोड्यांसाठी हरभरा मिळता मिळत नव्हता, आणि मिळाला की निम्मा उंदरांच्या पोटात जायचा. मेल्यांनी लगामसुद्धा कुरतडले. बिळांत काचा कोंबून वर शेण लिंपलं, तर दुसऱ्या दिवशी शेजारीच नवं बीळ. मांजर आणलं, ते घोड्याच्या पाठीवर ऊब घेत झोपायचं.

शेवटी माझं डोकं फिरलं. कणकेच्या गोळ्यांत विष कालवून बिळाबिळांत टाकलं. सकाळी तबेल्यात मेलेल्या उंदरांचा सडा! एवढा आनंद झाला की पाटी भरून गल्लीतूनच मिरवत निघालो. तिथंच चुकलो.

शेजारच्या म्हातारीनं पाटीत बघितलं आणि कळशी खाली ठेवली.

"उंदरं पडाय लागल्यात. आता गाठी येणार. उठा समदी!"

"आवं आजी, म्याच विष घातलंय!"

"पयल्यांदा समदी असंच काय बाय सांगत्यात, बाबा."

प्लेगात दोन लेक गमावलेल्या बाईला मी काय पटवणार? दुपारपर्यंत अख्खी गल्ली गाड्या जुंपून, धान्याची पोती घेऊन, रानात खोपटी घालायला गेली. टांग्यात बसायला माणूस उरला नाही. घोडे घेऊन आम्ही कुठं जाणार? आम्ही राहिलो.

आठवडाभरात रिकाम्या घरांतले उपाशी उंदीर दाणा शोधत निघाले. दाणा फक्त आमच्या तबेल्यात होता.