घंटीभाऊंची एका ओळीची रोजनिशी

घंटीभाऊ रोज रोजनिशी लिहीत, आणि ती बरोबर एका ओळीची असे. लोणावळ्याच्या आमच्या कारखान्यातला टेलिप्रिंटर त्यांच्या ताब्यात होता. ओळ संपत आली की त्या यंत्रात घंटी वाजे, म्हणून हे नाव. “घंटी वाजली की गप बसायचं, बाई. लय बोललं की खोटं शिरतं,” असं ते मला सांगत. मी शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट.

सासरी वही उघडली की कोण वाचेल याचा नेम नसे, म्हणून मीही त्यांची पद्धत शिकले. त्यांनी ती सोवळ्यातल्या पूजेसारखी शिकवली. आधी बटण ‘लाइन’वरून ‘लोकल’वर, म्हणजे फक्त इथल्या कागदापुरतं, आणायचं; लाइनवर राहिलं तर अक्षर न् अक्षर मुंबईच्या हेड ऑफिसात उमटणार. मग तारीख, मग एकच अक्षर: घराला जी, कामाला के, मनाला एम. मग इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ. कागद फाडून तारेच्या आकड्याला अडकवायचा आणि बटण पुन्हा लाइनवर. “मनाची ओळ रोज न्हाई लिवायची,” हा त्यांचा नियम. त्यांच्या आकड्याला बहुतेक जीच असत. आईने पेज घेतली. आईचा पाय सुजला.

आई तळेगावजवळच्या इंदुरीला अंथरुणाला खिळलेली. कारखान्याचं गोदाम तळेगावला होतं. तिथे बदली झाली असती तर भाऊ रोज संध्याकाळी सायकलवरून घरी गेले असते. पण यंत्र चालवायला दुसरा माणूस नाही, म्हणून साहेब सोडत नसत. क्वार्टरमध्येच राहायचं, बोलावलं की हजर, रविवारही बुडे. मी चालवते, असं एकदा साहेबांना म्हणून पाहिलं. ते नुसते हसले. मला इतका संताप आला की त्या दिवशी चार ओळी खराब केल्या.

एका दुपारी भाऊंचा बदलीचा चौथा अर्ज नामंजूर होऊन परत आला. ते यंत्रापुढे बसले, तारीख मारली, एम मारला. बटण लाइनवरच होतं. मला ते दिसलं आणि मी बोलले नाही. कुणाला तरी कळू दे, असं वाटलं. ओळ गेली: आई वाट बघते, साहेब सोडत नाही.

दोन मिनिटांत मुंबईने विचारलं, कोण साहेब? साहेब नेमके मागेच उभे होते. “चुकून गेलं, रद्द समजा, असं मारा,” ते म्हणाले. भाऊंची बोटं जरा थांबली. मग त्यांनी मारलं: चूक बटणाची. ओळ खरी.

भाऊंना आठ दिवसांची सक्तीची रजा झाली. परतले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. “शिक्षा लय ग्वाड लागली, बाई. आठ दिस आईला माज्या हातानं भरवलं.” ते आठ दिवस यंत्र मीच चालवलं आणि कुणाचं काही अडलं नाही. तरी साहेबांनी अर्जावर शेरा मारला: बदलीचा पुन्हा विचार करू नये.

भाऊ निवृत्त होईपर्यंत त्याच खुर्चीत बसले. आई गेली त्या दुपारीही ते मुंबईचा मजकूर घेत होते. फोनवरचा निरोप मीच त्यांना दिला. बटण मी पाहिलं होतं, हे मात्र शेवटपर्यंत सांगवलं नाही. आठ दिवस मी त्यांना दिले, की उरलेली सगळी वर्षं काढून घेतली, हे विचारायला आता भाऊ नाहीत.