सांगलीच्या स्टँडावरचं भांडण

काल भडंगाची पुडी फोडली आणि तळलेल्या लसणाच्या वासानं मला नव्वदीतल्या सांगली स्टँडावर नेलं. मी आणि बौद्धवस्तीतला माझा मित्र सिद्धार्थ विट्याहून आलो होतो, अंतराळातल्या लढायांच्या आमच्या लाडक्या सिनेमाचा नवा भाग बघायला. सिनेमा सुटल्यावर स्टँडावर भडंग खात परतीच्या एसटीची वाट बघत होतो. तो पोरखेळ बघून मला किळस आली होती.

"मला तर लय आवडला गड्या," सिद्धार्थ म्हणाला.

"तुमच्या वस्तीला असलंच पटणार," मी फटकन बोललो.

"सिनेमाचं बोल की रं. वस्ती कशाला काढतोस?" एवढंच म्हणून तो एसटीत मागच्या बाकावर जाऊन बसला.

सिनेमा आता धड आठवतही नाही. माझ्या त्या वाक्याची मात्र अजून किळस येते. विटा येईपर्यंत उठून त्याच्या शेजारी बसलो नाही, त्याची तर जास्तच.