यान कुंभारीला उतरलं

कागदटंचाईमुळे बंद केलेली मंगळप्रवासाची विज्ञानमालिका आमच्या दैनिकाने १९७५ च्या हिवाळ्यात पुन्हा सुरू केली. मी तिथे उपसंपादक होतो. पहिला अंक घेऊन मी शेजारच्या वहिनींकडे गेलो. त्यांच्या ओसरीत गल्लीतल्या बायका विड्या वळत. वाचता येणाऱ्या वहिनी एकट्याच. त्या मालिका वाचून दाखवत आणि त्यांच्या वाटच्या विड्या बाकीच्या वळून देत.

मी नवा भाग वाचला. यान अजून मंगळावर अडकलेले होते.

“अडकलंय कुटं?” एक म्हातारी म्हणाली. “कवाच आपल्या कुंभारीच्या माळावर उतरलं की. पायलटचं लगीन झालं, बायकूला सातवा लागलाय. तुमचा पेपर लई मागं हाय.”

मालिका बंद असतानाही वहिनी दर रविवारी मनाने रचून वाचत होत्या. त्या मला दारापर्यंत सोडायला आल्या.

“भावजी, परत बंद करता येतंय का बघा की. न्हायतर मला विड्या वळाव्या लागतील.”

मालिका बंद झाली नाही. वहिनी आमचाच अंक धरून, बाजारभावाचे पान उघडून वाचत राहिल्या. होळीच्या आधी पायलटच्या मुलाचे बारसे झाले. ओसरीत घुगऱ्या वाटल्या.