नवरा खाणारा हिरा

माझ्या नणंदेला हिऱ्यातलं ओ की ठो कळत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ती गावभर याच्या उलट सांगत फिरते.

नवऱ्याने हौसेनं मला हिऱ्याची चमकी केली होती. ती नाकात घातली आणि वर्षभरातच वारंगा फाट्याजवळ ट्रकने त्याची मोटारसायकल उडवली. ड्रायव्हरला डुलकी लागली होती, त्याने पोलिसांपुढे तसं कबूलही केलं. पण नणंदेनं माझ्या नाकातून उतरवलेली चमकी डोंगरकडा गावच्या सोनाराला दाखवली. त्याने भिंगातून बघून आत काळा ठिपका आहे म्हणून सांगितलं, आणि तेराव्याच्या पंगती उठायच्या आत निकाल लागला.

"काळा डाग होता त्यात. माझ्या भावाला खाल्लं त्यानं. हिनं काहून बघून घेतला न्हाई?"

ट्रकवाला राहिला बाजूला, अडकला हिरा, आणि तो ज्या नाकात होता ते नाक माझं. चमकी तिनं कयाधू नदीत टाकली. तो शब्द मात्र जपून ठेवला. कुणाचं लग्न असो, बारसं असो, मी दिसले की बायकांच्या घोळक्यात हिऱ्याची गोष्ट निघायचीच. माझी मुलगी तेव्हा पाचवीत होती. तिच्यासमोरही निघायची. मी दर वेळी घरी येऊन तिला समजावायचे की हे खोटं आहे, आणि ती मान हलवायची.

आता त्या मुलीचं लग्न ठरलं. ती एम.एस्सी. झाली, रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते, स्वतःच्या पगारातून हिऱ्याचे टॉप्स घ्यायचे म्हणाली. तेव्हाच मी ठरवलं की नणंदेला दुकानात न्यायचं. आत्याचा मान म्हणून नव्हे. लेकीनं नव्या घरात पाय ठेवायच्या आत त्या शब्दाचा निकाल लावायचा होता मला. नवरा मारल्याचा आळ कपाळावर घेऊन मला तिच्या मांडवात उभं राहायचं नव्हतं.

त्यासाठी मी महिनाभर हिरे वाचले, रागानं वाचले. लोक भाजी घेतल्यासारखं आधी वजन विचारतात. खरं तर आधी पैलू बघावेत. पैलू नीट पाडलेले नसले तर मोठा हिराही काचेच्या तुकड्यासारखा निस्तेज दिसतो. मग रंग बघावा, पिवळट झाक आहे का ते. आणि मग शुद्धता. हिरा जमिनीच्या पोटात तयार होताना काही ना काही कण आत अडकतोच. अगदी निर्मळ हिरा क्वचित सापडतो. ठिपका किती मोठा आणि नुसत्या डोळ्यांना दिसतो का, एवढाच प्रश्न असतो. सर्टिफिकेटवर तो कुठे आहे याचा नकाशासुद्धा काढलेला असतो. ठिपका नवरा खात नाही, एवढं मात्र कुणी त्यावर छापत नाही.

हिंगोलीच्या सराफ्यात आम्ही चौघं गेलो: मी, मुलगी, नणंद आणि तिचा नवरा. नणंदेनं मिरवायला तिच्या हिऱ्याच्या कुड्या घातल्या होत्या. हैदराबादेहून आणलेल्या आहेत, हे तिनं दुकानदाराला पायरी चढतानाच सांगितलं.

दुकानदाराने दोन जोड ठेवले. एक स्वच्छ, पण पैलू जेमतेम. दुसरा असा झगमगत होता की नजर ठरेना. भिंगातून त्यात बारीक काळा ठिपका दिसत होता. मी दुसऱ्यावर बोट ठेवलं. मुलगी म्हणाली, "नको आई, पहिला. शुद्धच पाहिजे." तिचा चोखंदळपणा वाटला मला. एवढ्यात नणंदेनं भिंग ओढून घेतलं.

"आगं बया! काळा डाग! पोरी, आईसारखं करून घ्यायचंय का तुला?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. दुकानदार खाली बघायला लागला. मी याच घटकेची वाट बघत होते.

"ताई, कुड्या काढा."

"काहून?"

"साहेबांना बघू द्या की. हैदराबादेच्या हायेत म्हणता."

तिचा नवरा दुकानातलं सरबत पीत बसला होता. तो म्हणाला, "दाखव की. त्यात काय तकलीफ हाय?"

तिनं फुशारकीनं काढून दिल्या. दुकानदाराने भिंगाखाली फिरवून "चांगल्या आहेत" म्हटलं. गिऱ्हाईक दुखवायचं नाही, ही त्यांची जात. मी म्हटलं, "चांगल्या आहेत ते दिसतंय. ठिपका आहे का ते सांगा."

"असतोच थोडाफार."

"काळा?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "डाव्या कुडीत दोन आहेत. उजवीत एक. काळेच."

मी तिच्या नवऱ्याकडे वळले. "भाऊजी, तब्येत कशी आहे?"

"झ्याक. काहून?"

नणंदेचा चेहरा उतरला. "यांची पत्रिकाच बळकट हाय," ती पुटपुटली. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते हेच. पण कुड्या तिनं परत कानात घातल्या नाहीत, गुपचूप रुमालात बांधल्या. मला तिची जराही दया आली नाही. उलट इतकं बरं वाटलं की भाऊजींच्या हातातलं सरबत घेऊन प्यावंसं वाटलं.

मग मुलीनं हात पुढे केला. "आत्या, द्या बरं." तिनं रुमाल सोडला, कुड्या भिंगाखाली धरल्या. रोज सूक्ष्मदर्शकात रक्त बघणारी मुलगी, पण एकेक कुडी तिनं दोन-दोनदा फिरवून बघितली. बराच वेळ बघून तिनं भिंग खाली ठेवलं आणि दुकानदाराला विचारलं, "काका, म्हणजे डागाचं आणि माणसाच्या जिवाचं खरंच काही नसतं ना?"

"न्हाई हो ताई. असं कुठं असतंय!"

ती रडायला लागली, भर दुकानात, लहान लेकरासारखी. शुद्ध हिरा तिला का हवा होता ते तेव्हा मला कळलं. होणाऱ्या नवऱ्यासाठी ती भीत होती. रडता रडता तिनं दुसरा जोड पुढे ओढला आणि "हेच द्या" म्हणाली.

आयुष्यभर मला नणंदेचा राग आला. त्या दिवशी पहिल्यांदा पोटच्या मुलीचा आला. हीच गोष्ट मी तिला पाचवीपासून सांगत होते, आणि तिनं ती तासाभराच्या ओळखीच्या माणसाला विचारून खरी मानली. माझं तिनं कधीच खरं धरलं नव्हतं. इतकी वर्षं ती माझ्या शेजारी झोपली, माझ्या हातचं जेवली, आणि मनात मला बापाच्या मरणाचं कारण समजत राहिली.