अण्णांच्या फुफ्फुसातला डाग

दोन महिन्यांपूर्वी, एका सोमवारी दुपारी, आम्ही गंगापूर रोडवरच्या एका हॉस्पिटलात बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या पाठीतून सुई घालून फुफ्फुसाचा बारीकसा तुकडा काढायचा होता... गाठ साधी आहे की दुसरं काही, ते बघायला.

"दुसरं काही" याच्या पुढे घरात कुणी जात नव्हतं. सभांमधून एकही शब्द न गिळता बोलणारी मी, पण त्या आठवड्यात मीसुद्धा कॅन्सर न म्हणता "ते" म्हणायला लागले होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. मनमाडला रेल्वेत होते, रिटायर झाल्यावर नाशिकला आमच्याजवळ आले. आधी नुसता खोकला होता, मग जिना चढताना दम लागायला लागला. कुणी ॲलर्जी म्हणालं, पंप दिला. मग एक्स-रेत उजव्या बाजूला खाली डाग दिसला आणि टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या.

थुंकीत जंतू सापडले नव्हते... तरीही. आपल्याकडे असा डाग म्हणजे टीबीच धरून चालायचं, असं आम्हाला सांगण्यात आलं. हे ऐकून मी तिथेच भांडायला हवं होतं. पण रांगेत उभं राहून राहून माणसातली भांडायची ताकदच जाते.

अण्णांनी त्याच दिवशी आपलं ताट आणि पेला वेगळा काढला. माझ्या लेकीला मांडीवर घेणं बंद केलं. ती दारातून हाका मारायची, अण्णा आतून खोकत खोकत "तिकडेच थांब गं" म्हणायचे. गोळ्यांनी भूक गेली, वजन उतरलं. डाग होता तिथेच.

मग हे छातीचे डॉक्टर. सीटी स्कॅन काढला, आणि प्रश्न तर इतके विचारले की अण्णा म्हणाले, "साहेब, एवढी चौकशी लग्न जमवताना पण नव्हती झाली." बिडी? कधीच नाही. वर्कशॉपची धूळ? ऑफिसात बसून काम केलं. कबुतरं, कोंबड्या, कूलर? काही नाही. औषधं कोणकोणती? आईने अख्खी पिशवी टेबलावर ओतली. बीपीची, कोलेस्टेरॉलची, टीबीची, सगळी.

प्रश्न विचारा, असं मी व्यासपीठावरून ओरडून सांगत आले. इथे विचारून संपले होते. उरली होती सुई.

त्या सोमवारी सिस्टर सूचना देत होत्या. उद्या उपाशीपोटी या, रात्रीच्या जेवणानंतर तोंडात काही घालायचं नाही. आई सगळं मन लावून ऐकत होती. उठता उठता तिने विचारलं, "आणि नाकातलं तूप? ते चालेल ना?"

सिस्टर हसल्या. मीही कपाळावर हात मारला. म्हटलं, "आई, चल आता..."

डॉक्टर मात्र दारातूनच मागे वळले. येऊन आईसमोर स्टूल ओढून बसले. "आजी, कसलं तूप? कसं घालता, मला करून दाखवा."

आईने दाखवलं. अण्णांनी पलंगाच्या कडेवर मान मागे टाकून झोपायचं. गाईचं तूप पातळ करून दोन्ही नाकपुड्यांत ओतायचं. थेंब नाही हं, चमचा. भजनी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी पाठवलं होतं... घोरणं थांबतं, स्मरणशक्ती वाढते. करोनाच्या आधीपासून रोज चाललं होतं. "ते काय औषध आहे का, म्हणून सांगितलं नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी स्कॅनवाल्यांना फोन लावला. त्या डागात चरबी आहे का, नीट मोजून सांगा म्हणाले. थोड्या वेळाने उत्तर आलं. होती.

सुई पुढे ढकलली. त्याऐवजी दुर्बीण घालून फुफ्फुस धुतलेलं पाणी तपासलं. त्यात तेलाने भरलेल्या पेशी निघाल्या. ना टीबीचे जंतू, ना "ते". तूप गुळगुळीत असतं, ठसकाही लागू न देता श्वासनळीत उतरतं, आणि फुफ्फुसाला ते पचवता येत नाही. इतकं साधं.

मला राग आला. त्या फॉरवर्डचा, डाग दिसला की गोळ्या लिहिणाऱ्यांचा. भाषण तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात आईचा चेहरा दिसला.

"म्हणजे मीच घातलं होय हे त्यांच्या छातीत?"

डॉक्टर हळूच म्हणाले, "आजी, तुम्ही विचारलंत म्हणून तर कळलं." तिच्यापर्यंत ते पोचलंच नाही.

मग अण्णा खोकत खोकत म्हणाले, "अगं, कोलेस्टेरॉल कोलेस्टेरॉल करून वरणावर थेंबभर तूप वाढताना तुझा हात आखडतो... आणि नाकात मात्र चमच्याने! उद्यापासून जरा उलटं कर."

आई रडता रडता हसली. मी तोंड फिरवून लिफ्टकडे बघत राहिले.

काल परत स्कॅन झाला. डाग आक्रसलाय, पूर्ण गेलेला नाही. जाईल का, किती जाईल, आत्ताच सांगता येत नाही म्हणतात. टीबीच्या गोळ्या डॉक्टरांनी केव्हाच थांबवल्यात, ताट परत सगळ्यांच्या ताटांत गेलंय.

फार थकलोय आम्ही सगळेच. त्या डॉक्टरांचे आभार कसे मानायचे ते मला अजून उमगत नाही. ज्या प्रश्नावर मी आईला गप्प करत होते, त्यासाठी ते स्टूल ओढून बसले.

आईने तूप टाकून दिलेलं नाही. आता ती काशाची वाटी घेऊन ते अण्णांच्या तळपायांना चोळत बसते... आणि माझी लेक त्यांच्या मांडीवर बसून, आजीचा हात चुकून वर नाकाकडे तर येत नाही ना, यावर लक्ष ठेवते.