आजोबांनी कापलेली दोन पानं

सिडनीत, केलीव्हिलला आमच्या शेजारी एक अमेरिकन आजोबा राहतात. नव्वदी ओलांडली आहे. ऐन विशीत ते न्यूयॉर्कला टीव्हीसाठी नाटकं लिहायचे. तेव्हा ती थेट दाखवायचे, त्यामुळे बहुतेकांचं रेकॉर्डिंगच नाही. पुढे सिनेमे लिहिले. बायको सिडनीची, म्हणून म्हातारपणी इकडे आले. एवढं लिहिलं, पण बढाई म्हणाल तर शून्य! "दर आठवड्याला नवीन लिहायचं. उरलं काय, ते नको विचारूस," म्हणतात. मला या माणसाचं भारी कौतुक आहे.

मंडळाच्या गणपतीसाठी मी एकांकिका लिहिली होती. पुण्यातले वडील, सिडनीतली मुलगी, मध्ये फोन. माझे बाबा त्याच्या दोन वर्षं आधी गेले, आणि मी वेळेवर पोचले नव्हते. कुणाला बोलले नाही, पण सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच होता. शेवटी वडिलांचं दोन पानी भाषण: तू गेलीस, घर खायला उठतं, तरी माझी तक्रार नाही.

समितीने सांगितलं, वीस मिनिटांत बसव. माझी सव्वीस! तणतणत आजोबांकडे गेले. ते म्हणाले, "वाचून दाखव. मराठीतच." त्यांना मराठीतलं ओ की ठो कळत नाही. तरी डोळे मिटून ऐकत बसले. मुलगी थापा मारते तिथे बरोबर हसले. भाषण सुरू झालं आणि त्यांनी हात वर केला.

"आता तो बोलत नाहीये. तू बोलते आहेस."

माझं डोकंच फिरलं. "तुम्हाला काय कळलं त्यातलं?"

"तुझे वडील असे बोलायचे?"

"कधीच नाही!" मी ओरडलेच. "'जेवलीस का' विचारायचे आणि फोन आईकडे द्यायचे. म्हणून तर लिहिलंय ना मी!" आणि त्यांच्या किचनमध्ये ढसाढसा रडले.

त्यांनी पाणी दिलं. "मीसुद्धा एकदा माझ्या बापाला असंच बोलायला लावलं होतं. दिग्दर्शकाने कापलं. वर्षभर मी त्याच्याशी बोललो नाही. पण बरोबर होता तो."

घरी येऊन दोन्ही पानं काढून टाकली. अगदी जिवावर आलं होतं.

गणपतीत प्रयोग झाला. शेवटी स्टेजवरच्या वडिलांनी दोन शब्द विचारले, फोन आत बायकोकडे दिला आणि पडदा पडला. पुण्याहून आलेली आई माझ्या शेजारी बसली होती. टाळ्या चालू असतानाच ती म्हणाली, "फोन माझ्याकडे दिला ना, की ते तिथेच उभे राहायचे गं. तू ठेवेपर्यंत."